पिवळ्या कापडाचा पत्रव्यवहार

नातवंडांनो,

तुमच्या गेल्या पत्रातून एक फोटो आला. तिकडच्या कुठल्याशा मोठ्या संग्रहालयात भिंतभर कोरं पांढरं चित्र लावलेलं, त्याच्यापुढे जाड दोरी, दोरीशेजारी गणवेशातला पहारेकरी, आणि दोरीच्या अलीकडे तुम्ही दोघं दात काढून उभी. फोटोमागे लिहिलंत, "आजी, ह्यात काय आहे ते आता तूच सांग." प्रश्न चेष्टेचा आहे हे कळण्याइतकी मी शाबूत आहे. पण असल्या चित्रांचा पत्रव्यवहार मी बरीच वर्षं सांभाळला, आणि तोही वसमतला बसून. इकडे एका दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई कामाच्या आठवणी लिहा म्हणून मागे लागल्या आहेत. तेव्हा एकदाच लिहिते आणि दोघांचंही समाधान करते.

माझं काम कोणतं, ते आधी सांगायला हवं, कारण तुमच्या मामाच्या समजुतीप्रमाणे मी जन्मभर फक्त घर सांभाळलं. माझे वडील औरंगाबादला मास्तर होते. मुलीने मॅट्रिक व्हावं आणि तिचं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं असावं, एवढे दोनच हट्ट त्यांनी आयुष्यात केले. लग्न होऊन वसमतला आले, तर घरात हळदीची अडत. शेतकऱ्यांची हळद तुमच्या आजोबांकडे यायची आणि त्यांच्यामार्फत मुंबईला जायची. मुंबईचे व्यापारी इंग्रजीत लिहीत. निजामाचं राज्य, शाळा उर्दूच्या. इंग्रजी पत्र आलं की ते टपालमास्तरांकडे जायचं, आणि टपालमास्तर अंदाजाने वाचायचे. सासूबाईंनी महिनाभर माझं काम पाहिलं आणि निकाल दिला, "पोरगी शिकून आलीच हाय तर बसवा तिला दुकानाच्या कागदाला. भाकरीपेक्षा कागद तरी गोल निगंल."

अशी मी कामाला लागले. आलेली पत्रं एका वहीत, गेलेली दुसऱ्या वहीत, प्रत्येक पत्राची नक्कल, तारखेवार. नीटनेटकेपणा हा माझा गुण आहे असं सगळेच म्हणत. तो गुण मला कुठे घेऊन गेला, तेच आता सांगते.

काशिनाथ भावजी जवळच्याच हट्टा गावचे, तुमच्या आजोबांचे शाळासोबती. मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत गेले आणि दोन वर्षांत परत आले. का, असं विचारलं तर म्हणत, "तिथं टोपलीतली फळं काढाया लावत, वहिनी. टोपली आमच्या घरी बी हाय." आमची मागची वखार रिकामी होती, ती त्यांनी मागितली. आजोबांनी दिली. दुसऱ्या दिवशी भावजींनी हळद कुटायला घेतली, तेव्हा आजोबांना वाटलं, गडी धंद्याला लागला.

धंदा असा होता. हळद कुटायची, मोठ्या हंड्यात उकळायची, आणि ते पाणी मांजरपाटावर कुंच्याने चढवायचं. वाळलं की दुसरा थर, मग तिसरा, असे वीस वीस थर. आकृती नाही, रेघ नाही, खाली सहीसुद्धा नाही. कापडाचे पट्टे जोडायचं काम इमामचाचांचं. ते आमच्याकडे हळदीची पोती शिवत. भावजी म्हणत, "चाचा, टाका दिसू द्या." चाचा पान गालात सरकवून म्हणत, "दिसा तो लोगां बोलेंगे, इमाम कू सिलना नै आता." आणि असा टाका घालत की सापडायचा नाही. त्या चित्रांत खरी कारागिरी कुणाची होती, हा प्रश्न पुढे एकाही समीक्षकाला पडला नाही.

बघायला गाव यायचं.

"कशाचं चित्र हाय?"

"हळदीचं."

"मंग हळद कुठं हाय?"

"तीच तर हाय."

लोक मान हलवून समाधानाने घरी जात. पुढे मुंबईच्या एका वर्तमानपत्रात ह्याच चित्रावर चार रकाने छापून आले. चारही रकान्यांत हेच दोन प्रश्न होते, फक्त उत्तर नव्हतं.

आता एक घरगुती गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हळदीचा डाग कपड्यावर पडला की आपण घाबरत नाही. धुऊन उन्हात टाकतो आणि ऊन तो खाऊन टाकतं. दुसरं, हळदीला चुना लागला की ती तिथल्या तिथे लाल होते. जुन्या बायका घरी कुंकू करत ते असंच. हे दोन्ही इकडच्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मुंबईच्या रसिकांना आणि सरकारी तज्ज्ञांना ते माहीत नव्हतं, कारण त्यांची धुणी दुसरं कुणीतरी धूत असे.

भावजींना रंग उडतो हे पक्कं ठाऊक होतं. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगायला गेले, तर हसले. "वहिनी, नवरीच्या अंगाची हळद चार दिसांत उतरते. कोनी रडतं का? माझं चित्र बी उतरलं म्हंजे झालं. आत्ता ते निस्तं सुरू झालंय."

"मग अंगणातच टाका की. दोन आठवड्यांत काम होईल."

"अंगनात टाकलं तर ते वाळवन. लोकायच्या भिंतीवर जाऊन संपलं तरच चित्र."

मला हे तेव्हा वेडगळ वाटलं. आजही अर्धं वाटतं. पण माणूस स्वतःच्या म्हणण्याला धरून होता. चित्र घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांची एकच अट असे: उन्हात लावा आणि संपू द्या. ही अट इंग्रजीत कळवण्याचं काम माझं. त्यांचं इंग्रजी सहीपुरतं होतं. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही, ते खाली सही करत. आलेलं पत्र मी वाचून मराठीत सांगे. इतकं साधं काम, पण त्यात एक मेख आहे. दोन्ही बाजूंना वाटतं की समोरचा माणूस सभ्य आहे. ती सभ्यता मधल्या माणसाची असते.

पहिले गिऱ्हाईक मुंबईचे एक कापडशेठ. युरोपात म्हणे आता असलीच चित्रं घेतात, हे कळल्यावर त्यांनी एका प्रदर्शनातून भावजींचं चित्र घेतलं आणि समुद्राकडच्या खिडकीशेजारी लावलं. एका उन्हाळ्यात चित्राची डावी बाजू पांढरी पडली. शेठजींचं चार पानी पत्र आलं. फसवणूक, अब्रू, वकील असे शब्द त्यात ओळीने बसले होते.

भावजींना मी ते वाचून दाखवलं, जरा सौम्य करून. ते टाळी वाजवून म्हणाले, "लिहा! शेठ, तुमचं नशीब थोर, अर्धं चित्र पुरं झालं. आता उरलेलं उन्हाच्या बाजूला करा. पडदा लावला तर तुमच्यावानी गाढव न्हाई."

मी लिहिलं: "आपल्या रसिकतापूर्ण पत्राबद्दल चित्रकार आपले ऋणी आहेत. ह्या रंगाचा स्वभाव नाजूक असल्याने चित्र योग्य प्रकाशात ठेवावे, अशी नम्र सूचना."

"योग्य प्रकाशात." गाढव तर गेलंच, त्याच्याबरोबर ऊनही गेलं. पण पत्र दिसायला फार सुंदर होतं. शेठजी खूश झाले. त्यांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की चित्राला प्रकाश सोसत नाही. चित्रासाठी मखमलीची पेटी केली, पेटी तिजोरीत ठेवली. पाहुणे आले की तिजोरी उघडून, पेटी उघडून, मोजून दोन मिनिटं चित्र दाखवत. पाहुणे अर्थात तिजोरीच बघत.

मग एका बड्या साहेबाच्या मडमेचं पत्र आलं. चित्र आवडलं, पण दिवाणखान्यातले पडदे निळे आहेत, तर हेच चित्र निळ्यात मिळेल का? भावजी म्हणाले, "तिला म्हनावं, पडदे हळदीत बुडव." मी लिहिलं, "निळा रंग सध्या शिल्लक नाही." बाईंचं उत्तर आलं, "थांबायला तयार आहे." त्या अजून थांबल्या असतील.

हसू नका. अशी पत्रं लिहून झाली की मला स्वतःचं कौतुक वाटायचं. दोन भांडणारी माणसं मी कशी गोडीत ठेवली! पुढे गोडीची सवय लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधी निजामाच्या राजधानीहून संग्रहालयाचे क्युरेटरसाहेब आले. संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. साहेब विलायतेत शिकलेले, अंगावर शेरवानी, हातात पांढरे मोजे. वखारीत त्या वेळी भावजींचं सगळ्यात मोठं कापड टांगलेलं होतं. अकरा पट्टे जोडलेलं, दोन पुरुष उंच. वर्षभर त्याचेच थर चालले होते. साहेब त्यासमोर उभे राहिले, मागे सरले, पुन्हा पुढे आले.

"बहुत खूब," ते म्हणाले. मग जरा वेळाने विचारलं, "सीधा कौन सा है?"

"दोनो," इमामचाचा म्हणाले. "मैं सिलाया, मेरे कू मालूम."

साहेबांनी चित्र घेतलं. भावजी त्या दिवशी पहिल्यांदा मला गंभीर दिसले. साहेब गेल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. "वहिनी, हे नीट लिहा. खिडकीसमोर, उन्हात लावायचं. कोनी झाकायचं न्हाई. पुरता रंग उडाला की कापड मला परत धाडायचं. मला पाहायचंय ते. इतकी चित्रं ग्येली, एक बी पुरं झालेलं मी पाह्यलं न्हाई."

मी पत्र लिहायला बसले आणि अडखळले. सरकारी संग्रहालयाला कसं लिहायचं की तुम्ही घेतलेली वस्तू नष्ट होऊ द्या? व्यवहार मोडला असता, आणि भावजींना वेड्यात काढलं असतं ते वेगळंच. मी तीन खर्डे केले. चौथा नीट उतरला. त्यातलं वाक्य मला आजही पाठ आहे: "चित्र योग्य प्रकाशात ठेवावे, आणि रंगास काही इजा पोचल्याचे आढळल्यास ते परत स्वीकारण्यास चित्रकार आनंदाने तयार आहेत."

भावजींनी विचारलं, "सगळं आलं का?"

"आलं," मी म्हणाले.

काय आलं होतं ते बघा. त्यांना हवं होतं की रंग जावा. मी त्यांच्या सहीने हमी दिली की रंग जाणार नाही, आणि गेलाच तर माल परत घेऊ. शुद्ध अडत्याची भाषा. घरात दुसरी नव्हतीच.

संग्रहालयाने हमीचा मान राखला. चित्रावर हिरव्या बनातीचा पडदा बसवला. त्यात त्यांची दोन्हीकडून सोय झाली. आमच्याकडे नवं चित्र आहे असं सांगता येई, आणि ते कुणाला दिसतही नसे. दर वर्षी साहेबांचं पत्र यायचं: "कळविण्यास आनंद होतो की रंगास यत्किंचितही इजा पोचलेली नाही."

भावजी विचारत, "काय म्हनून राहिले? कितीक उडाला?"

आणि मी, मास्तरांची मुलगी, पत्राकडे बघत म्हणायची, "उतरतोय म्हणतात. हळूहळू."

आठ वर्षं मी हे म्हणत आले. पहिल्या वर्षी सांगून टाकायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी अवघड झालं. तिसऱ्या वर्षापासून ते माझ्या कामाचाच भाग होऊन बसलं. वहीत मात्र सगळं तारखेवार लावलेलं होतं.

मग भावजी दारांना धडकायला लागले. नांदेडच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने मिटत येते, मधली तेवढी राहते आणि शेवटी तीही जाते. वर्ष, फार तर दोन. भावजी म्हणाले, "डोळे ग्येले तर ग्येले. ते मोठं कापड पांढरं झालेलं एकदा पाहून घेतो. वहिनी, आठ वर्षं उतरून राहिलंय म्हंजे आता थोडंच उरलं असंल. चला, आपन जाऊ."

मी खूप कारणं सांगितली. उन्हाळा आहे, गाडीला गर्दी आहे, साहेब सुटीवर असतील. शेवटी वसमतहून गाडीत बसलो ते तिघं: भावजी, त्यांना धरायला इमामचाचा, आणि बोलायला मी. पूर्णेला गाडी बदलताना चाचांनी विचारलं, "बाई, तुमचा तोंड काहून सुकला?" मी म्हणाले, गाडी लागते.

संग्रहालयाच्या दारात पाटी होती, पान खाऊन आत येऊ नये. चाचांनी पान थुंकलं, पण पानाचा बटवा दारात ठेवायला तयार होईनात. "शिपाई का क्या भरोसा? चुना उसका, कत्था उसका." शेवटी तो बटवा माझ्या पिशवीत गेला. बाईची पिशवी कोण तपासतंय?

साहेबांनी फार आदराने नेलं. लांब दालन, काळोखं, थंडगार. शिपायाने दोरी ओढली. हिरवी बनात सरकली.

पिवळं. वखारीतून निघालं त्या दिवशी जसं होतं तसंच. उलट अंधारात राहून जास्तच गडद वाटलं मला.

भावजींना आता सगळं एकदम दिसत नसे. नळीतून बघावं तसं ते वरून खाली, डावीकडून उजवीकडे बघत गेले. खूप वेळ लागला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, कुठं उतरलंय?"

मी काही बोलायच्या आत साहेब अभिमानाने उर्दूत म्हणाले, की आठ वर्षांत एक किरण लागू दिलेला नाही, अगदी आपल्या हुकमाप्रमाणे. फाइल आणवली. माझं पत्र वर काढलं. कागदाला एक सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती. आणि ते वाक्य त्यांनी भावजींना सोप्या उर्दूत करून ऐकवलं, "रंग को कोई नुक़सान पहुँचे, तो मुसव्विर साहब तस्वीर ख़ुशी से वापस लेंगे." उर्दू भावजींची शाळेतली भाषा. एकही शब्द अडला नाही.

"अक्षर किसका है?" भावजींनी विचारलं.

साहेबांनी पत्र त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. "बहुत उम्दा अक्षर है."

"जी," भावजी म्हणाले. मग त्यांनी आपलं खरं म्हणणं उर्दूत सांगितलं. पडदा काढा, उन्हात लावा, नाहीतर परत द्या. साहेबांनी हसून मान हलवली. लेखी अट एकच आहे, ती बदलायची तर समिती बसायला हवी, आणि समिती दोन वर्षं बसलेली नाही. इजा झाली असती तर गोष्ट वेगळी. पण इजा होणार कशी? ह्या संग्रहालयात?

भावजी चाचांचा हात धरून बाहेर गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. साहेब म्हणाले, आलाच आहात तर अभिप्रायाच्या वहीत दोन शब्द लिहा, आणि वही आणायला स्वतः गेले. शिपाई पाठीमागे गेला. मी चित्रासमोर एकटी उरले.

नातवंडांनो, मी आयुष्यात कधी परवानगीशिवाय फूलसुद्धा तोडलेलं नाही. पिशवीत हात घातला, बटवा उघडला, चुन्याची डबी काढली. बोटावर चुना घेतला आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे बाकीचे चित्रकार सही करतात तिथे, बोट टेकवून दाबलं. आधी काहीच नाही. मग बघता बघता लाल. असा लाल की मीच दचकले. बोट रुमालाला पुसलं, डबी मिटवली, आणि शिपायाला हाक मारून म्हटलं, "पडदा बंद करा. उजेड येतोय."

वहीत मी लिहिलं, "अत्यंत काळजीपूर्वक जपले आहे." अक्षर जराही हललं नाही.

परतीच्या गाडीत भावजी माझ्याशी बोलले नाहीत. मधे इमामचाचा बसले होते. नांदेड मागे पडल्यावर एकदाच म्हणाले, माझ्याकडे नाही, चाचांकडे बघून, "आठ वर्षं मी 'गाढव' म्हनून राहिलो आन् ह्या 'हुजूर' लिहून राहिल्या. मंग त्या चित्रावर नाव कोनाचं पायजे?" चाचांनी पानाला हात घातला, डबी उघडली, चुन्यात उमटलेलं माझं बोट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबी मिटली.

त्यानंतर कित्येक महिने भावजींनी मला एकही पत्र सांगितलं नाही. वखारीत येत, बसत, जात. "वहिनी" म्हणणंही बंद. मी चुन्याबद्दल बोलले नाही. काम होईल की नाही ते ठाऊक नव्हतं, आणि न झालेल्या कामाची बढाई मारण्याइतकी मी निर्लज्ज नव्हते.

मग आला साहेबांचा कागद. ह्या वेळी आनंद होत नव्हता. खालच्या कोपऱ्यात अनाकलनीय लाल डाग उद्भवला आहे. तज्ज्ञ बोलावले. एकाचं मत, हवेतल्या दमटपणाचा परिणाम. दुसऱ्याचं, देशी रंगांचा मूळचाच दोष. तिसऱ्याला डाग वाढत असल्याची शंका आली, तेव्हा शेजारची दोन चित्रं दालनातून हलवली. त्यांच्यात एखादी स्वयंपाकीण असती तर एका मिनिटात ओळखलं असतं, पण समितीवर स्वयंपाकिणी घेत नाहीत. आपल्या पत्रातील हमीस अनुसरून चित्र परत पाठवीत आहोत.

सागवानी पेटी बैलगाडीने स्टेशनवरून आली. आजोबांनी आणि चाचांनी कापड अंगणात उलगडलं. भावजी गुडघ्यावर बसून नेहमीसारखे नळीतून बघत कोपऱ्याशी आले आणि थांबले.

"हे काय हाय?"

"चुना," मी म्हणाले.

"कोनाचा?"

"चाचांचा. बोट माझं."

ते कितीतरी वेळ त्या लाल ठशावर स्वतःचं बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "वहिनी, माझं म्हननं पयल्यांदा जसंच्या तसं कळवलं तुमी त्यायला."

आजोबांना काहीच कळलं नाही. चाचांना सगळं कळलं होतं, ते पान लावत बसले.

अंगणात टाकलं तर ते वाळवण, ह्याची मी भावजींना आठवण दिली. त्यांनी कापड उलटं करून दाखवलं. पाठीवर संग्रहालयाचा शिक्का आणि नोंदीचा आकडा होता. "शिक्का बसलाय, वहिनी. आता ह्याला वाळवन कोन म्हनंल?" दोन बांबूंमध्ये ते ताणून बांधलं. चैत्र लागला होता. भावजी रोज सकाळी खुर्ची टाकून समोर बसत.

इतक्यात मुंबईच्या शेठजींना लाल डागाची बातमी लागली. तार आली. ते अद्वितीय चित्र आपल्यालाच हवं. पाठोपाठ पत्र: मावळत्या सूर्याचा हा एकच थेंब टाकून चित्रकाराने कमाल केली आहे. शेठजींच्या आधीच्या चित्रावरही असा थेंब टाकून मिळेल का? मी पत्र भावजींना वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. ते इतके हसले की चाचांना पाठीवर हात फिरवावा लागला. उत्तर धाडलं नाही. थेंब ज्याचा त्याने उत्तर द्यायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला वेळ नव्हता.

एवढे थर, तरी वैशाख संपायच्या आत पिवळं गेलं. आधी कडांचं, मग मधलं. शेवटी टाक्यांच्या खाचांत तेवढ्या बारीक पिवळ्या रेघा उरल्या आणि अकरा पट्ट्यांचा जोड पहिल्यांदा दिसला. भावजींनी एकेक रेघ बघितली. "चाचा, टाका दिसला."

"दिसा," चाचा म्हणाले, "मगर सीधा है."

ज्या दिवशी रेघाही गेल्या, त्या दिवशी भावजींनी खुर्ची उचलली आणि आत नेली. त्यांना दिसलं. पुरतं दिसलं. मी शेजारीच उभी होते, म्हणून खात्रीने सांगते. दिवाळीपर्यंत मधली नजरही गेली.

पुढचं वर्ष, निजामाच्या राज्याचं शेवटचं, भीतीचं गेलं, आमच्याकडे आणि इमामचाचांकडेही. रस्ते बंद, टपाल बंद, पाहुणे नाहीत. त्यात तुमची आई जन्मली. बाजारात कापड मिळत नव्हतं. भावजी म्हणाले, "ते कापड पुरं झालंय. आता ते निस्तं कापड हाय. वापरा." चाचांनी त्याची झोळी शिवली. लाल ठसा तोवर विटक्या तपकिरी खुणेएवढा राहिला होता, तो त्यांनी मुद्दाम डोक्याकडे घेतला.

अठ्ठेचाळीस सालच्या शेवटी राज्य बदललं, टपाल सुरू झालं. संग्रहालयात नवे अधिकारी आले होते. नव्या अधिकाऱ्यांनी जुनी नोंदवही उघडली असावी. पत्र आलं: आमच्या दप्तरी एका मोठ्या पिवळ्या चित्राची नोंद आहे, ते दुरुस्तीसाठी आपल्याकडे गेल्याचे दिसते. दुरुस्ती पूर्ण झाली असल्यास त्वरित परत करावे.

भावजी झोळीची दोरी धरून बसले होते. मी पत्र वाचलं.

"लिहा," ते म्हणाले.

मी दौत उघडली.

"चित्र पुरं झालं. सध्या त्यात लेकरू झोपलंय. उठवता येनार न्हाई."

मी थांबले. सवयीने मनात आलं, सुरुवातीला "आपले कृपापत्र मिळाले" एवढं तरी असावं. मग तेवढंच लिहिलं, जेवढं त्यांनी सांगितलं. तीन वाक्यं. वाचून दाखवायला गेले, तर म्हणाले, "काहून? ऱ्हाऊ द्या."

त्यांचा हात धरून मी सहीची जागा दाखवली. उत्तर आलं नाही. जावक वहीत भावजींच्या नावचं ते शेवटचं पत्र.

तुमच्या फोटोतल्या पांढऱ्या चित्रात काय आहे, ते त्या पहारेकऱ्याला विचारा. आमच्यात तुमची आई होती.